याफाचे भाडे आणि गलबतावरचा संसार

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम युरोपातील ज्या कोणा भाविकाला जेरुसलेमची यात्रा करावयाची असे, त्याला मार्गाची निवड अशी फारशी उरलेली नव्हती. आल्प्सच्या घाटांतून उतरून त्याने वसंताच्या अखेरीस व्हेनिस गाठावे, कॉर्पस क्रिस्तीच्या उत्सवाची मिरवणूक पाहावी, आणि जूनच्या आरंभी सुटणाऱ्या यात्रेकरूंच्या गलबतावर बसून दाल्मेशिया, कॉर्फू, मोदोन, क्रीट, ऱ्होडस व सायप्रस अशी बंदरे घेत वारा अनुकूल असल्यास पाच-सहा आठवड्यांत पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील याफा येथे उतरावे, हा शिरस्ता पडून गेला होता. गलबत म्हणजे येथे आपल्या कोकणातील तारू समजावयाचे नाही. शीड आणि वल्ही या दोहोंच्या बळावर चालणारे ते लांब, अरुंद आणि माणसांनी खच्चून भरलेले जहाज होते. त्यावर यात्रेकरू, खलाशी, वल्हेकरी, तिरंदाज, आचारी, न्हावी आणि कारकून मिळून एखाद्या खेड्याची वस्ती महिनोन्‌महिने पाण्यावर नांदत असे. जेरुसलेमात प्रत्यक्ष मुक्काम दहा-पंधरा दिवसांचा. बाकी सारी यात्रा ती जहाजावरची राहणी. म्हणून त्या काळच्या यात्रावर्णनांत देवस्थानांच्या माहात्म्याइतकीच जागा पाव, पाणी, अंथरूण आणि दस्तुरी यांनी व्यापलेली दिसते, आणि भूमध्य समुद्रावर माणसाला दिवस काढावयास काय पडत असे याचा इतका बारीक हिशेब क्वचितच दुसरीकडे सापडतो.

या व्यवहाराची सुरुवात सेंट मार्कच्या चौकात होत असे. ज्या उमराव नाखव्यांना त्या वर्षी यात्रा न्यावयाची असे, ते चर्चसमोर उंच काठ्यांवर तांबड्या क्रुसाची पांढरी निशाणे उभारीत, आणि निशाणापाशी त्यांचे नोकर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या परदेशीयांना आपल्या धन्याच्या जहाजाकडे ओढीत व दुसऱ्याच्या जहाजाची मनसोक्त निंदा करीत. 1483 साली उल्मचा डोमिनिकन भिक्षू फेलिक्स फाब्री आपल्या दुसऱ्या यात्रेसाठी व्हेनिसला आला, तेव्हा पिएत्रो लांदो आणि आगोस्तिनो कोंटारिनी असे दोन नाखवे परस्परांशी स्पर्धा करीत होते. दोघांनीही आपापली जहाजे दाखविली, क्रीटचे मद्य पाजले, अलेक्झांड्रियाची मिठाई पुढे केली. यांपैकी कोंटारिनी हा या धंद्यात इतकी वर्षे मुरलेला होता की व्हेनिसमध्ये त्याला ‘याफावाला’ या अर्थाच्या उपनावानेच ओळखीत. फाब्री पहिल्या खेपेस, 1480 मध्ये, त्याच्याच जहाजावरून गेला होता. या खेपेस मात्र त्याने व त्याच्या सोबतच्या सरदारांनी लांदोचे जहाज अधिक मोठे व नवे आहे असे पाहून तिकडे कौल दिला.

सौदा तोंडी राहत नसे. करारनामा लिहिला जाई, यात्रेकरूंनी राजवाड्यात जाऊन तेथील लेखकांच्या दफ्तरात आपली नावे नोंदवावयाची असत, आणि कराराचा भंग झाल्यास परतल्यावर नाखव्याविरुद्ध दाद मागण्याची सोय प्रजासत्ताकाने ठेविली होती. धर्माच्या कामात सरकारने इतके लक्ष घालावे याचे कारण केवळ धर्मबुद्धी हे नव्हे. नाराज यात्रेकरू घरी जाऊन व्हेनिसची अपकीर्ती करील, आणि पुढच्या वर्षीचा प्रवाह दुसऱ्या बंदराकडे वळेल, हे त्या व्यापारी राज्यकर्त्यांना नीट उमगले होते. फाब्रीच्या मंडळीच्या करारात भाडे चाळीस डुकाट ठरले, निम्मे व्हेनिसला आणि निम्मे याफाला द्यावयाचे. त्याच साली कोंटारिनीच्या जहाजावरून गेलेल्या माइन्झच्या ब्राइडनबाखने बेचाळीस डुकाट दिले. या रकमेत जाण्यायेण्याचा प्रवास, दिवसातून दोन वेळचे जेवण, सकाळी जेवणापूर्वी प्यालाभर माल्व्हझी मद्य, आणि पवित्र भूमीतील मामलुक अंमलदारांच्या जकाती, परवाने व गाढवांची भाडी इतके सारे समाविष्ट होते. कोंबड्या ठेवावयास जागा द्यावी, यात्रेकरूंच्या आचाऱ्याला चुलीचा विस्तव वापरू द्यावा, कोणी वाटेत मरण पावल्यास त्याच्या सामानाला नाखव्याने हात लावू नये, आणि पवित्र भूमीला पोचण्यापूर्वी मृत्यू आल्यास घेतलेल्या भाड्यापैकी निम्मे परत करावे, अशीही कलमे त्यात होती. मृत्यूची वजावट आधीच मांडून ठेवणारा हा दस्तऐवज वाचताना त्या यात्रेतील धोक्याची जी कल्पना येते, ती वादळांच्या दहा वर्णनांनी येत नाही.

डुकाट हे साडेतीन ग्रॅमांहून किंचित अधिक वजनाचे, जवळजवळ निर्भेळ सोन्याचे नाणे. म्हणजे चाळीस डुकाट म्हणजे आपल्या मापाने सुमारे बारा तोळे सोने झाले. मराठी वाचकाला हे नाणे वाटते तितके अपरिचित नाही. एका बाजूस सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती असलेले हेच नाणे इजिप्त व अरबस्तानच्या व्यापारातून पुढे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले, पुतळी या नावाने सराफांच्या पेढ्यांवर चालले, आणि पुतळ्यांच्या माळेतून मराठी स्त्रियांच्या गळ्यात उतरले. याफाच्या किनाऱ्यावर त्याची पारख आणखी कडक होती. टाकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले, न झिजलेले नाणेच सोबत घ्यावे, जुने घेण्यास तेथील लोक नाखूष असतात, असा उपदेश अनुभवी यात्रेकरू नवख्यांना करीत.

आता खरा प्रश्न असा की बारा तोळे सोने मोजल्यावर माणसाचा गलबतावरचा संसार चालत होता काय? याचे स्पष्ट उत्तर ईटन कॉलेजचा विल्यम वे याने दिले आहे. त्याने 1458 व 1462 अशा दोन वेळा ही यात्रा केली आणि मागून येणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या सूचना लिहून ठेवल्या. चाळीस डुकाटांत गलबताचे भाडे आणि अन्नपाणी भागते, हे तो सांगतो. आणि लगेच पुढे काय काय विकत घ्यावे याची जी यादी देतो, ती वाचून त्या अन्नपाण्यावर त्याचा स्वतःचा भरवसा किती होता हे कळून चुकते. दोन पिंपे मद्याची व एक पाण्याचे. मद्य शक्यतो पादुआचे. कुलूप असलेली पेटी, लहानशी कढई, तवा, ताटल्या, पेले, पाव किसावयाची किसणी. सहा कोंबड्यांचे खुराडे आणि त्यांना पुरेल इतके राळ्यासारखे बारीक धान्य. बदाम, तांदूळ, अंजीर, मनुका, आले, मिरी, केशर, लवंग, जायपत्री. शिवाय पोट बांधणारी आणि पोट सोडणारी अशी दोन्ही प्रकारची औषधे. मलबारची मिरी अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला येई आणि तेथून अशा एखाद्या इंग्रज पाद्र्याच्या पेटीत बसून पुन्हा पूर्वेकडे निघे, हा त्या मसाल्याचा उलटा प्रवास मोठा मौजेचा आहे.

याच यादीत अंथरुणाचा मजकूर आहे, आणि मला तो साऱ्या यात्रासाहित्यातील अत्यंत मोलाचा अर्थशास्त्रीय तपशील वाटतो. सेंट मार्कजवळ एका विक्रेत्याकडे पिसांची गादी, खालची गादी, दोन उशा, चादरींचे दोन जोड आणि एक रजई तीन डुकाटांना मिळत असे. आणि यात्रेहून परतल्यावर तेच अंथरूण फाटलेतुटलेले का असेना, परत नेऊन दिले म्हणजे दीड डुकाट हाती पडत असे. विक्री म्हणून दाखविलेला हा व्यवहार वस्तुतः भाड्याचाच होता: एका मोसमाच्या निद्रेचे मोल दीड डुकाट, आणि उरलेला दीड डुकाट अनामत. जो परत येणार नाही त्याची अनामत आपोआप बुडाली, आणि जो येईल त्याची गादी झटकून, शिवून पुढच्या वर्षीच्या भाविकाखाली घालण्यास तो विक्रेता मोकळा झाला असला पाहिजे. धर्मयात्रेच्या कडेकडेने असे जे लहान धंदे वाढतात, ते पंढरपूर काय आणि व्हेनिस काय, एकाच मातीत रुजलेले असतात.

अंथरूण मिळाले तरी ते पसरावे कोठे? वे याचा सल्ला असा की जहाजात वरच्या मजल्यावर जागा निवडावी, कारण तळाशी उष्मा आणि दुर्गंधी असह्य असते. आणि त्यासाठी लवकर जाऊन नाखव्याशी बोलून घ्यावे. फाब्रीने त्या खालच्या भागाचे वर्णन सविस्तर केले आहे. दोन्ही बाजूंच्या फळ्यांकडे डोकी आणि मध्याकडे पाय करून माणसे एकमेकांस चिकटून निजत, प्रत्येकाची जागा त्याच्या खांद्यांच्या रुंदीएवढी, आणि पायांच्या मधल्या पट्टीत पेट्यांची रांग. जहाजाच्या तळाशी तोल राखण्यासाठी भरलेली वाळू असे. फळी उचलून त्या वाळूत यात्रेकरू आपल्या मद्याच्या बाटल्या आणि अंडी पुरून ठेवीत, म्हणजे ती गार राहत. उवा, पिसवा, उंदीर यांचे भाडे मात्र नाखवा घेत नसे. रात्री कोणी दिवा लावून गप्पा मारीत बसे, कोणाला झोप हवी असे, आणि हे भांडण इतके पेटे की मूत्रपात्रे फेकून दिवे विझविल्याचे प्रकार या शीलवान भिक्षूने नमूद करून ठेविले आहेत. चोरीविषयी तर त्याचे म्हणणे असे की जमिनीवर ज्याने परक्याच्या वस्तूला कधी स्पर्श केला नसेल तोही समुद्रावर उचलेगिरी शिकतो. लिहिता लिहिता लेखणी खाली ठेवून तोंड फिरवावे, तो लेखणी नाहीशी.

जेवणाची वर्दी कर्ण्यांनी मिळे, आणि कर्णा वाजताच सारे यात्रेकरू वयाचा व प्रतिष्ठेचा विचार न करता पळत सुटत. कारण जहाजाच्या मागील भागातील तीन मेजांवर जागा थोड्या, आणि ज्याला उशीर होई त्याला उन्हापावसात वल्हेकऱ्यांच्या फळ्यांवर बसून जेवावे लागे. तेल घातलेला पाला, मेंढीचे मांस, सातूची किंवा गव्हाची लापशी, उपवासाच्या दिवशी खारवलेली मासळी, आणि बंदर मागे पडून थोडे दिवस झाले की दगडासारखा कठीण असा दोनदा भाजलेला पाव, हा ठरीव बेत. मांसासाठी नेलेली जनावरे जहाजावर उभी उभी खंगत जात, आणि मरणार असे दिसले की ती कापली जात. हे सारे नाखव्याच्या हिशेबात कसे बसते ते पाहिले पाहिजे. भाडे एकदा ठरले की ते वाढावयाचे नाही; मामलुकांच्या जकाती ठरलेल्या, त्या चुकवावयाच्या नाहीत; वल्हेकऱ्यांचे मुशाहिरे ठरलेले, ते कमी करावयाचे नाहीत. मग नाखव्याचा नफा निघावा कोठून? तो एका स्वयंपाकघरातूनच निघू शकत होता. प्रत्येक दिवशीच्या लापशीत जे कमी पडे ते त्याच्या पेटीत पडे. यात्रेकरू करारात माल्व्हझी मद्याच्या प्याल्याचेसुद्धा कलम घालून घेत असत, त्याचे मर्म हेच. जे कागदावर नाही ते मेजावर येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्यामुळे ज्याला सुखाने राहावयाचे असेल त्याने तेच सुख पुन्हा एकदा, किरकोळीने विकत घ्यावयाचे, अशी रीत पडली. आचाऱ्याच्या हातावर काही ठेवले म्हणजे आजाऱ्यासाठी पेज वेगळी शिजे; न ठेवले तर विस्तवाला जागा नसे. फाब्रीने आचाऱ्यांच्या तामसीपणाची तक्रार केली आहे खरी, परंतु लगेच त्यांची बाजूही मांडली आहे, की चूल लहान, भांडी पुष्कळ, धूर डोळ्यांत, आणि चारी बाजूंनी माणसे ओरडत असताना कोणाचा स्वभाव गोड राहील! मला या भिक्षूचा हा न्यायीपणा फार आवडतो. पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहण्याचे उदाहरण प्रवासवर्णनांत तसे विरळाच.

वल्हेकऱ्यांचा संसार याहून निराळा आणि अधिक विचार करण्याजोगा. फाब्री त्यांना गुलाम म्हणतो. वस्तुतः त्या काळी व्हेनिसच्या गलबतांवर वल्ही मारणारे बहुतेक लोक दाल्मेशिया, अल्बेनिया व ग्रीक बेटे येथून आलेले, पगार घेणारे मजूर होते, आणि कैद्यांना वल्ह्यांशी जखडून चालणारी गलबते व्हेनिसने सोळाव्या शतकाच्या मध्यास सुरू केली. पगारी वल्हेकऱ्यांच्या शिध्याचे प्रमाण 1310 च्या सुमारास मारिनो सानुदो या व्हेनिसच्या गृहस्थाने आखून दिले होते. आजच्या मापात ते माणशी दररोज सुमारे 715 ग्रॅम भाजलेला पाव, अर्ध्या लिटरहून थोडे अधिक मद्य, 98 ग्रॅम शेंगवर्गी कडधान्य, 52 ग्रॅम खारवलेले डुकराचे मांस आणि 40 ग्रॅम चीज इतके भरते. श्रम करणाऱ्या देहाला पुरेल असा हा आहार आहे. पण तो पावाचा आहार आहे, बाकी सारे तोंडी लावणे. हा पाव पुरविण्यासाठी व्हेनिसने सरकारी भट्ट्या ठेविल्या होत्या, आणि मोदोनसारख्या वाटेवरच्या बंदरातही खलाशांचा पाव भाजणारे घर होते. तेथे एका वृद्ध जर्मनाला राहताना पाहिल्याचे फाब्रीने लिहिले आहे.

पगार अपुरा असे, परंतु वल्हेकऱ्याला एक हक्क होता: आपल्या फळीखाली थोडासा माल ठेवून तो विकण्याचा. या हक्काने गलबताचे रूप पालटून टाकले. प्रत्येक फळीखाली एक दुकान. कोणापाशी मद्य, कोणापाशी कापड. कोणी शिंपी, कोणी चांभार, कोणी यात्रेकरूंचे सदरे धुऊन देणारा. बंदराला लागले की हेच लोक आपली गाठोडी घेऊन उतरत आणि किनाऱ्यावर बाजार मांडीत. म्हणजे यात्रेकरूच्या किरकोळ खर्चाचा जो भाग आचाऱ्याकडे जात नसे, तो या फळ्यांखाली जिरत असे. पुढे सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाने मार्सेय येथे ठेविलेल्या गलबतांवरील कैदीसुद्धा हिवाळ्यात धक्क्यावरच्या खोपट्यांत बसून मोजे विणीत आणि लहानसहान माल विकीत असत; बेडी पायात असूनही उदरनिर्वाहाचा व्यापार सुटत नव्हता.

एक वस्तू मात्र अशी होती की ती विकत घेण्याचा प्रश्न येताच पैशाची किंमत संपून जाई. 1480 च्या परतीच्या प्रवासात फाब्रीच्या जहाजावर पाणी सरत आले. पिंपांच्या तळाशी राहिलेले दूषित पाणी मोजून देण्यात येऊ लागले, जनावरांचे पाणी तोडण्यात आले, आणि ती मुकी बिचारी रात्री लाकडावर पडलेले दव चाटीत उभी राहत. ज्या यात्रेकरूने व्हेनिसला स्वतःचे पाण्याचे पिंप घेण्यात कुचराई केली असेल, त्याला त्या दिवसांत वे याच्या यादीची आठवण झाली तर नवल नाही.

याफाला पोचल्यावर तरी खर्च संपला असे नव्हे. तेथे अंमलदारांचा हुकूम येईपर्यंत जहाजावरच थांबावे लागे, आणि 1494 मध्ये गेलेल्या मिलानच्या पिएत्रो कासोलाच्या मंडळीला तर तेथील हाकिमाशी कोंटारिनीची घासाघीस चालू असताना भर उन्हाळ्यात किनारा समोर दिसत असूनही कित्येक दिवस पाण्यावरच काढावे लागले. उतरल्यावर यात्रेकरूंची मोजदाद होऊन त्यांची रवानगी समुद्रकाठच्या पडक्या, घाण तळघरांत होई. तेथे बसावयास गवत, खावयास पाव-अंडी, नाकाशी धरावयास सुगंधी द्रव्ये घेऊन विक्रेते दारातच हजर. गाढवाचे भाडे नाखव्याने भरलेले असे, तरी हाकणाऱ्याला दस्तुरी निराळी. याही बाबतीत वे याचा सल्ला खास व्यवहारी आहे: सर्वांच्या आधी उतरावे आणि उत्तम जनावर धरावे, कारण उत्तमाला आणि वाईटाला पैसे सारखेच पडतात.

मिलानच्या दरबारातील सांतो ब्रास्का हा 1480 मध्ये याच यात्रेस जाऊन आला. त्याने सांगून ठेविले की यात्रेकरूने दोन थैल्या बरोबर घ्याव्यात, एक धीराने काठोकाठ भरलेली आणि दुसरीत दोनशे, निदान दीडशे, डुकाट असलेली. वरवर पाहता हा विनोद वाटतो. पण चाळीस डुकाट भाडे आणि दीडशे डुकाटांची थैली यांमधील अंतर ध्यानी घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. आजारपण, घरापासून व्हेनिसपर्यंतचा आणि परतीचा खर्च हे सोडून दिले, तरी जे उरते ते त्या गलबतावर श्वास घेण्याचे, गार पिण्याचे आणि सरळ पाय करून निजण्याचे मोल होते. साठी उलटलेल्या कासोलाने हा धडा आधीच गिरविला होता. त्याने चाळीसांच्या भानगडीत न पडता साठ डुकाट मोजले, नाखव्याच्या पंक्तीत जेवण ठरवून घेतले, आणि ब्रास्काच्या दोन थैल्यांत तिसरी, श्रद्धेची, भर घातली. मला तर वाटते की त्या साऱ्या मंडळीत हा वृद्ध धर्मोपाध्यायच खरा हिशेबी. बाकीच्यांनी वीस डुकाट वाचविले आणि ते वाटेत तुकड्यातुकड्यांनी आचाऱ्यांना, वल्हेकऱ्यांना आणि फेरीवाल्यांना देऊन टाकले.

1522 मध्ये ऱ्होडस तुर्कांच्या हाती पडले आणि या धंद्याला ओहोटी लागली. दुसऱ्याच वर्षी इग्नेशियस लोयोला व्हेनिसला आला तेव्हा यात्रेकरू मोजकेच होते. त्याच्या जवळ धीराची थैली तेवढी होती; पैसा त्याने वाटेत वाटून टाकलेला, रात्री सेंट मार्कच्या चौकात निजावे आणि भिक्षा मागून खावे असा त्याचा क्रम. अखेर व्हेनिसच्या अधिपतीच्या कृपेने सायप्रसला निघालेल्या सरकारी जहाजावर त्याला फुकट जागा मिळाली, आणि भाड्यावाचून जेरुसलेम पाहून येणारा तो विरळा यात्रेकरू ठरला. पुढे तो पुन्हा व्हेनिसला येऊन राहिला, आणि 1537 मध्ये पॅरिसच्या विद्यापीठातील सोबती तेथे त्याला येऊन मिळाले. त्यांत फ्रान्सिस झेवियर होता. जहाजाची वाट पाहत हे तरुण तेथील रुग्णालयांत रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले. परंतु तुर्कांशी युद्ध पेटले, यात्रेचे गलबत सुटले नाही, आणि वर्षभर थांबूनही ते सुटण्याची चिन्हे दिसेनात. तेव्हा मंडळी रोमला वळली, पोपने सांगितलेले काम त्यांनी पत्करले, आणि जो झेवियर याफाला उतरावयाचा तो 1542 च्या मे महिन्यात गोव्याच्या बंदरात उतरला. जेरुसलेमच्या भाड्यासाठी पोपकडून आणि इतर धनिकांकडून जमलेली दोन-तीनशे एस्कुदोंची रक्कम हुंड्यांच्या रूपाने त्यांच्यापाशी पडून होती; प्रवास झाला नाही म्हणून ती त्यांनी ज्याची त्याला परत केली.